कोणते ॲप झोपले आहे, हे क्रॉनला कोणी सांगायचे?

गेल्या वर्षी मार्चअखेरीस, आमच्या बहुतेक ग्राहकांची हिशेबाची घाई ऐन भरात असताना, आमच्या सर्व्हरवरील एका ॲपने पोस्टग्रेस या डेटाबेसकडे जोडणी मागितली आणि त्याला उत्तर मिळाले, ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. हा डेटाबेस नकार देतानाही आधी माफी मागतो, हे मला त्याचे वैशिष्ट्य वाटते. परंतु रात्री साडेदहा वाजता फोनवर असलेल्या ग्राहकाला या सभ्यतेचे कौतुक असण्याचे कारण नव्हते.

आमचा व्यवसाय लहान आहे. आम्ही तिघे जण संस्था, दुकाने, मंडळे आणि पतपेढ्यांसाठी ॲप्स लिहितो आणि तीच एका भाड्याच्या सर्व्हरवर चालवतो. त्या रात्री मोजले तेव्हा आठ जीबी मेमरीच्या त्या एका यंत्रावर ४३ ॲप्स होती: नऊ जाव्हातल्या स्प्रिंग बूटवरची, एकोणीस पीएचपीतल्या लारावेलमधली आणि उरलेली जँगो आणि नोडमधली (ही सारी ॲप्स लिहिण्याची तयार साधने). दोष प्रामुख्याने त्या नऊ जणांचा होता. स्प्रिंग बूटमध्ये डेटाबेसच्या जोडण्या सांभाळणारा जो हिकारी नावाचा भाग असतो, तो वेगळे काही सांगितले नसेल तर प्रत्येक ॲपसाठी दहा जोडण्या उघडतो, आणि दिवसभरात त्या ॲपकडे एकही माणूस फिरकला नाही तरी दहाच्या दहा धरून बसतो. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची, त्यातल्या ३ प्रशासकासाठी राखीव. नऊ दाहे नव्वद गेले की उरलेल्या चौतीस ॲप्सनी सात जोडण्यांवर संसार करायचा. तो आजवर निभावला होता, कारण त्या चौतिसांपैकी बहुतेकांना एका वेळी फारसे कोणी विचारत नव्हते.

जोडण्यांची संख्या मी त्याच रात्री दहावरून दोनवर आणली आणि तो प्रश्न सुटला. मात्र त्यानिमित्ताने मेमरीचा तक्ता पाहिला आणि खरे दुखणे समोर आले. जाव्हाची प्रक्रिया एकदा घेतलेली मेमरी सहसा चटकन परत करत नाही, आणि त्या नऊ ॲप्सपैकी पाच तर अशी होती की त्यांचे ग्राहक आमच्याशी शेवटचे कधी बोलले होते, हेही आम्हाला आठवत नव्हते. मोठा सर्व्हर घेणे हा एक उपाय होता. दुसरा असा की, जे ॲप वापरात नाही ते आपोआप थांबवावे आणि कोणी आले की पुन्हा सुरू करावे. थांबवण्याचे काम क्रॉनवर, म्हणजे सर्व्हरवर ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, सोपवायचे ठरवले.

ही कल्पना नवी नाही. इतरांची ॲप्स चालवून देणाऱ्या हेरोकू या सेवेवरील मोफत ॲप्स ३० मिनिटे कोणी आले नाही की झोपत असत. ती मोफत योजनाच २८ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाली. रेंडरची मोफत सेवा १५ मिनिटांनी झोपते आणि सुपाबेस आठवडाभर हालचाल नसलेला मोफत प्रकल्प थांबवून ठेवते. (या झोपेवर उतारा म्हणून दर दहा मिनिटांनी स्वतःच्याच ॲपला खोटी भेट देणारा क्रॉन जॉब लावणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्यात एके काळी मीही होतो, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.) अधिकृत भाषेत या क्रियेला ‘निलंबन’ म्हणता येईल, परंतु निलंबित म्हटले की डोळ्यांसमोर चौकशी चालू असलेला सरकारी कर्मचारी येतो. आमच्या कचेरीत ‘झोपवणे’ हाच शब्द रुळला आहे आणि येथेही तोच वापरतो.

पहिली स्क्रिप्ट लिहायला मला तासही लागला नाही. दारात उभे राहून प्रत्येक भेट योग्य ॲपकडे पाठवणाऱ्या एनजिनएक्सच्या भेटींच्या लॉगमध्ये प्रत्येक ॲपची शेवटची नोंद शोधायची, ती तीस दिवसांपेक्षा जुनी असेल तर त्याचा कंटेनर, म्हणजे ते ॲप ज्यात वेगळे चालते तो डबा, थांबवायचा, एवढाच तिचा आशय होता. एनजिनएक्सच्या मूळ मांडणीत डोमेनचे नाव लिहिलेच जात नाही, म्हणून ते लॉगमध्ये घालून घेतले आणि आठवडाभराने स्क्रिप्ट चालवली. निष्कर्ष असा निघाला की ४३ पैकी ४३ ॲप्स अत्यंत कार्यमग्न आहेत आणि प्रत्येकाला गेल्या पाच मिनिटांत कोणीतरी भेट दिली आहे.

तो कोणीतरी मीच होतो. ॲप चालू आहे की नाही हे पाहणारा आमचाच पहारेकरी दर पाच मिनिटांनी प्रत्येकाचे दार वाजवत होता. त्याच्या नोंदी वगळल्या, तेव्हा गूगल आणि बिंगचे बॉट, म्हणजे पाने आपोआप वाचत फिरणारे प्रोग्रॅम, दिसू लागले. तेही वगळल्यावर उरले ते दारे चाचपणारे. एका शाळेच्या ग्रंथालयाचे ॲप होते, संपूर्ण जाव्हात लिहिलेले, वर्डप्रेसशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. तरीही त्याच्या लॉगमध्ये पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी कोणीतरी वर्डप्रेसचे लॉगिनचे पान मागितले होते, सेकंदाभराने गुपिते ठेवण्याची ‘डॉट-ईएनव्ही’ फाइल मागितली होती आणि दोन्ही वेळा ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’ हे उत्तर, घेऊन ते निमूट निघून गेले होते. इंटरनेटवर उघड्या असलेल्या प्रत्येक पत्त्यावर हे रोज घडते. त्यामुळे लॉगमध्ये नोंद आहे म्हणजे ॲपचा वापर आहे, असे मानले तर कोणतेही ॲप कधीच झोपणार नाही.

अखेर ‘वापर’ या शब्दाची व्याख्या उलट्या बाजूने केली. कोणाला वगळायचे याची यादी न संपणारी होती, म्हणून कोणाला मोजायचे ते ठरवले: ज्या भेटीत लॉगिन यशस्वी झाले, किंवा लॉगिन केलेल्या माणसाने काही भरून पाठवले आणि ॲपने ते स्वीकारले, तीच भेट खरी. ज्या ॲप्सना लॉगिनच नाही, अशी चार होती. ती मी सरळ हाताने बाजूला काढली.

दुसरा बदल कामाच्या वाटणीचा होता. आमच्या सर्व्हरवर लॉग रोज फिरवले जातात आणि चौदा दिवसांनी जुना लॉग पुसला जातो. तीस दिवसांचा हिशेब चौदा दिवसांच्या वहीतून काढता येत नाही. म्हणून एक जॉब दर तासाला चालून प्रत्येक ॲपच्या नावापुढे शेवटच्या खऱ्या वापराची तारीख लिहून ठेवतो, आणि दुसरा जॉब दिवसातून एकदा केवळ ती तारीख पाहून निर्णय घेतो. तासाचा जॉब मी सतराव्या मिनिटाला ठेवला आहे, कारण शून्याव्या मिनिटाला सगळ्या जगाचे जॉब सुटतात. या रचनेतही एक खड्डा होता. ज्या ॲपची नोंदच अजून झालेली नाही, त्याची तारीख रिकामी. रिकाम्या तारखेचा अर्थ स्क्रिप्टने शून्य असा घेतला. आणि युनिक्सच्या जगात शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. त्या हिशेबाने कालच बसवलेले एक ॲप पंचावन्न वर्षे झोपलेले होते. सुदैवाने पहिले पंधरा दिवस स्क्रिप्ट फक्त यादी छापत होती आणि कोणालाही हात लावत नव्हती, म्हणून हे कागदावरच सापडले. आता नोंद नसलेले ॲप ‘आजच वापरले’ असे मानले जाते.

झोपवण्याच्या पद्धतीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण तेथे नाव फसवते. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरमध्ये ‘पॉज’ नावाची आज्ञा आहे आणि प्रथमदर्शनी हवी ती हीच वाटते. ती कंटेनरमधल्या साऱ्या प्रक्रिया आहे तेथे गोठवते. त्यांना प्रोसेसर मिळत नाही, परंतु मेमरी त्यांच्याकडेच राहते. माझी तक्रार तर मेमरीचीच होती. त्यामुळे ‘स्टॉप’ हीच योग्य आज्ञा ठरली: ती ॲपला आधी आवरते घेण्याचा संकेत देते आणि दहा सेकंदांत ते थांबले नाही तर सक्तीने थांबवते. त्यानंतर एका रविवारी कर्नल, म्हणजे सर्व्हरच्या प्रणालीचा गाभा, अद्ययावत करून सर्व्हर पुन्हा सुरू केला, तेव्हा झोपवलेली सगळी ॲप्स ताजीतवानी होऊन उभी राहिली. आमच्या प्रत्येक कंटेनरला पुन्हा सुरू होण्याबाबतचे ‘ऑल्वेज’ हे धोरण लावलेले होते आणि त्याचा अर्थ खरोखरच ‘नेहमी’ असा आहे. हाताने थांबवलेला कंटेनरही डॉकर पुन्हा सुरू झाला की उठतो. ‘अनलेस-स्टॉप्ड’ हे धोरण लावल्यावर ती झोप टिकू लागली.

क्रॉनचे म्हणून जे खोडसाळ स्वभावविशेष आहेत, ते माहीत असूनही मी त्यांना अडखळलो. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या, ओळीत टक्क्याचे चिन्ह आले की क्रॉन तेथेच ओळ तोडतो, म्हणून तारखेचा साचा असलेली आज्ञा टर्मिनलवर चालते आणि क्रॉनमध्ये मुकाट मरते. त्याचा पाथ, म्हणजे आज्ञा शोधायच्या जागांची यादी, इतका आखूड असतो की आपल्या नेहमीच्या आज्ञा त्याला सापडत नाहीत. हे दोन्ही प्रश्न सगळी आज्ञा वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवली की मिटतात. एक फेरी लांबली आणि तोवर दुसरी सुरू झाली, असे होऊ नये म्हणून ‘एफलॉक’चे कुलूप लावले.

वेळेचा घोळ मात्र अधिक मनोरंजक होता. आमचा सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. झोपवण्याचे काम सोमवार ते शुक्रवार रात्री अडीच वाजता व्हावे म्हणून मी रात्रीचे नऊ ही यूटीसी वेळ लिहिली आणि वारांच्या रकान्यात एक ते पाच. तेथे शुक्रवारी रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा येथे शनिवारची पहाट झालेली असते. परिणामी आठवड्याची शेवटची फेरी नेमकी अशा वेळी होत असे की काही बिघडले तर सोमवारपर्यंत कोणाच्या लक्षात येऊ नये. ती दुरुस्त करताना मी मुळातलाच विचार बदलला. देखभालीची कामे रात्री करावीत, हा नियम ज्या कामांमुळे चालू सेवा अडते त्यांच्यासाठी आहे. येथे तर आपण असे ॲप थांबवत आहोत जे कोणी वापरत नाही असा आपला दावा आहे, आणि तो दावा खोटा असेल तर ते सर्वजण जागे असतानाच कळलेले बरे. आता हे काम कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता होते.

या विचाराची परीक्षा जूनमध्ये झाली आणि त्यात मी नापास झालो. एका दूध संस्थेचे लारावेलमधले ॲप आमच्याकडे आहे. संकलन केंद्रावरचा संगणक रोजच्या दुधाची फाइल रात्री आपोआप आमच्याकडे पाठवतो, ॲप तिचा हिशेब करते, आणि १, ११ व २१ तारखेला प्रत्येक उत्पादकाला त्याच्या दहा दिवसांच्या बिलाचा एसएमएस जातो. या साऱ्या व्यवहारात कोणी लॉगिन करत नाही. दर बदलला तरच सचिव आत शिरतात आणि तो एप्रिलनंतर बदललेला नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या व्याख्येप्रमाणे ते ॲप निष्क्रिय ठरले, आठ दिवस आधीची सूचना कोणीही न उघडणाऱ्या ईमेल पत्त्यावर रीतसर गेली, आणि अकरा वाजता ते झोपवले गेले. १२ तारखेला सचिवांचा फोन आला: “दादा, बिलाचा मेसेज कुणालाच आला नाही. लोक डेअरीवर येऊन भांडायला लागलेत. तुमच्याकडं काय बंदबिंद केलंय का?”

केले होते. आणि ते मला ११ तारखेच्या आधीच कळायला हवे होते, कारण लारावेलची वेळापत्रके चालवण्याची रीतच बोलकी आहे. सर्व्हरच्या क्रॉनटॅबमध्ये प्रत्येक ॲपसाठी एक ओळ असते, ती दर मिनिटाला ॲपला विचारते की, ‘आता काही करायचे आहे का?’ कंटेनर थांबलेला असेल तर हा प्रश्न चूक होऊन परत येतो आणि क्रॉन त्या चुकीचे पत्र पाठवतो. मिनिटाला एक, म्हणजे एका ॲपमागे दिवसाला १,४४० पत्रे. मे महिन्यात पहिली काही ॲप्स झोपवली तेव्हा माझा इनबॉक्स असाच भरून गेला होता आणि मी वैतागून त्या सगळ्या ओळींचे बोलणे ‘डेव्ह-नल’कडे, म्हणजे आलेले सारे गिळून टाकणाऱ्या फाइलकडे, वळवले होते. दूध संस्थेच्या ॲपने आठवडाभर दर मिनिटाला हाक मारली आणि ती हाक मी स्वतःच खोदलेल्या विहिरीत पडत राहिली.

त्याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. एसएमएस पाठवून, माफी मागून झाल्यावर मी त्या ॲपला झोपवल्याने किती मेमरी वाचली होती ते पाहिले. जवळजवळ काहीच नाही. आमची पीएचपीची ॲप्स ‘ऑनडिमांड’ पद्धतीने चालतात: विनंती आली की कामगार प्रक्रिया जन्म घेते आणि मूळ सेटिंगप्रमाणे दहा सेकंद रिकामी राहिली की मरते. मागे उरतो तो देखरेख करणारा एक बारीकसा मालक. म्हणजे ही एकोणीस ॲप्स माझ्या मदतीशिवाय दिवसातून शेकडो वेळा झोपत आणि उठत होती. मी त्यांना यादीत घेतले ते केवळ सर्वांना एक नियम असावा म्हणून. त्या दिवशी एकोणीसच्या एकोणीस यादीतून काढली, आणि हा सारा खटाटोप ज्या नऊ जाव्हा ॲप्समुळे सुरू झाला होता त्यांच्यापुरता आणि काही नोडच्या ॲप्सपुरता मर्यादित केला.

त्यानंतर दोन बंधने घातली. एका फेरीत दोनपेक्षा अधिक ॲप्स झोपवायची पाळी आली तर स्क्रिप्ट एकालाही हात न लावता मला कळवते, कारण एकाच दिवशी पाच ग्राहकांनी वापर सोडला यापेक्षा लॉगची मांडणी बिघडली असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. आणि प्रत्येक ॲपच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल आली, जिच्यात ते ॲप माणसांसाठी आहे, यंत्रांसाठी आहे की केवळ दाखवण्यासाठी, हे आम्हीच लिहितो. सवलत द्यायची तर तिला संपण्याची तारीख घालावीच लागते. ‘कायमची सवलत’ लिहिण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. एरवी वर्षभरात यादीतली सगळी ॲप्स सवलतीत जाऊन बसली असती.

उठवण्याचे काम झोपवण्याहून नाजूक असते. कंटेनर थांबला की एनजिनएक्सला पलीकडून उत्तर येत नाही आणि पाहुण्याला ५०२ ही त्रुटी दिसते. त्या जागी आम्ही आमचे पान दाखवतो. (एनजिनएक्समध्ये कंटेनरचे नाव न लिहिता स्थानिक पोर्ट, म्हणजे त्याच यंत्रावरचा दाराचा क्रमांक, लिहिलेला बरा. थांबलेल्या कंटेनरचे नाव सुरुवातीला सापडले नाही तर एनजिनएक्स स्वतःच सुरू होत नाही, आणि एका झोपलेल्यासाठी सगळे घर बंद पडते.) पहिल्या रचनेत पान मागितले की ॲप उठत असे, साहजिकच पहाटे तीनच्या त्या वर्डप्रेस शोधणाऱ्या पाहुण्यांनी सगळ्यांना रोज उठवायला सुरुवात केली. आता त्या पानावर ‘सुरू करा’ असे एक बटण आहे आणि ते दाबल्याशिवाय काही हलत नाही. बॉट पाने मागतात, बटणे सहसा दाबत नाहीत. पानासोबत ५०३ हा ‘तात्पुरते बंद’चा संकेत आणि काही वेळाने पुन्हा या असा निरोप जातो, म्हणजे शोधयंत्रांना हे कायमचे बंद आहे असे वाटत नाही. जाव्हाचे ॲप उभे राहायला अर्धे-पाऊण मिनिट घेते. तेवढा वेळ पान दर पाच सेकंदांनी डोकावून पाहते. पेमेंट गेटवेची यंत्रे बटण दाबू शकत नाहीत, म्हणून ऑनलाइन पैसे स्वीकारणारी ॲप्स झोपवायचीच नाहीत असे ठरवले. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची, संकेतस्थळाची जोडणी सुरक्षित ठेवणारी प्रमाणपत्रे सहसा ९० दिवसांची असतात आणि त्यांच्या नूतनीकरणाची तपासणी ॲपपर्यंत न नेता एनजिनएक्सनेच उरकायची, एवढे पाहिले की झोपेत प्रमाणपत्र मरत नाही.

एक प्रकार मात्र क्रॉनच्या आवाक्याबाहेरचा निघाला, तो म्हणजे हंगामी ॲप्सचा. एका गणेश मंडळाचे वर्गणीचे ॲप आणि एका दिंडीचे वारकऱ्यांच्या नोंदणीचे ॲप, दोन्ही नोडमधली, वर्षातले दहा महिने निःसंशय झोपलेली असतात. त्यांना झोपवणे योग्यच आहे, परंतु वर्गणीला निघालेल्या कार्यकर्त्याने दारात उभे राहून ‘सुरू करा’चे बटण दाबावे आणि यजमानाने पाकीट हातात धरून वाट पाहावी, हे बरे दिसत नाही. त्यांना हंगामाच्या आधीच उठवायला हवे. क्रॉनच्या पाच रकान्यांत मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार लिहिता येतो. तिथी लिहिता येत नाही. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. आषाढी एकादशी त्याच तीन वर्षांत २९ जून, १७ जुलै आणि ६ जुलै अशी फिरली. पंचांगाचे गणित करणारी लायब्ररी जोडण्याचा मोह झाला होता, आणि आमच्यातल्या एकाने एक संध्याकाळ त्यात घालवलीही. शेवटी एक साधी मजकुराची फाइल केली. तिच्यात ॲपचे नाव, उठवण्याची तारीख आणि पुन्हा झोपू देण्याची तारीख असते, आणि दर जानेवारीत नवे कॅलेंडर भिंतीवर लागले की त्यातून पाहून ती आम्ही हाताने भरतो. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आली आहे. मंडळाच्या ॲपपुढे १ ऑगस्ट लिहून ठेवला आहे.